कानामागचा ठिपका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस आणि न सांगितलेलं काही? बरोबर आहे. कुसगावात मला ओळखणारं कुणीही सांगेल, की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यातून स्वतःची फजिती असेल तर विचारूच नका. खंडाळ्यात एका बंगल्याच्या कंपाउंडवर मी ‘विकणे आहे’ असं ठसठशीत रंगवलं होतं — विकायचा होता शेजारचा. मालक शनिवारी मुंबईहून आले, तर त्यांच्याच अंगणात दोन गिऱ्हाइकं आंब्याच्या झाडाखाली उभी राहून, हे झाड पाडलं तर गाड्या किती मावतील, याची चर्चा करत होती. हे मी स्वतः सांगतो. एका कार्यालयात वर एक आणि खाली एक अशी दोन लग्नं होती. मी खाली माईक धरून वरच्या लग्नातल्या पाहुण्यांचं नावानिशी स्वागत करत राहिलो, आणि नवरदेवाचा मामा फेटा सावरत माझ्यासमोर उभा राहून फुगत चालला होता — हेही मीच सांगतो. लोक हसतात. आपल्यावर दुसरं कुणी हसायच्या आत आपणच हसून घेतलं, की बरं असतं. तो माझा जुना बंदोबस्त आहे.

पण एक गोष्ट आहे. तिच्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि तरी मी ती सांगत नाही. म्हणजे — अर्धी सांगतो. मावळातल्या एखाद्या लग्नात मुहूर्त लांबला असेल आणि तुम्ही तिथं असाल, तर ती अर्धी तुम्ही ऐकलीही असेल. उरलेली आज सांगतो. बघू, जमतं का.

मी मूळचा बोर्ड रंगवणारा. लोणावळा, वळवण, कुसगाव — ‘खोल्या भाड्याने मिळतील’ हे पाच-पंचवीस प्रकारच्या अक्षरांत मी लिहिलेलं आहे. मग फ्लेक्स आले. संगणकावर अक्षर, मशीनवर कापड, तासाभरात बोर्ड तयार. माझ्या हातातला ब्रश गेला, आणि तोंड रिकामंच होतं, म्हणून मी माईक धरला. आमच्याकडं लग्नात एक माईकवाला लागतोच. आलेल्या प्रत्येक गावचे सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सगळ्यांची नावं मानानं घ्यायची, कुणाचं राहिलं तर दोन भावकींत पुढची दहा वर्षं बोलणं बंद. आणि नवरदेव डीजेपुढं नाचत बसला, मुहूर्त टळून गेला, की मांडवातल्या उपाशी माणसांना हसवत ठेवायचं, हेही माईकवाल्याचंच काम. ते मला जमलं. फारच जमलं.

सुमन माझी बायको. आंदर मावळातल्या एका वाडीवरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला बाजारातली माणसांची गर्दी माहीत नव्हती, पण काजळ माहीत होतं. तिच्या पापण्या जन्मापासून फिकट, भुरकट. काजळ नसलं, तर तिचा चेहरा कुणीतरी अर्धा पुसून ठेवल्यासारखा दिसतो — हे तिचंच म्हणणं, माझं नाही. माझं म्हणणं असायला मी तिला तशी पाहिलीच कुठं होती? ती माझ्याआधी उठायची. मी डोळे उघडायचो तेव्हा तिच्या डोळ्यांत काजळ असायचं. कित्येक वर्षं मला वाटत होतं, ते तिला उगवतंच.

मग तिच्या हाताला कंप सुरू झाला. आधी कपबशी वाजायला लागली. मग सुईत दोरा जाईना. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, काही घराण्यांत असतं हे, गोळीनं थोडं कमी होईल. तिच्या वडिलांचेही हात म्हातारपणी असेच व्हायचे, ताक पिताना निम्मं मिशीवर. ती हसून म्हणाली, “आबांचं माज्याकडं आलं.” पण सकाळी आरशापुढं ती हसत नसे. बोटावर काजळ घ्यायची, डोळ्याशी न्यायची, आणि बोट भलतीकडंच. पुसायची. पुन्हा घ्यायची. एक दिवस मी दारात उभा राहून बघितलं. डोळ्याखाली काळं, गालावर काळं, आणि त्या काळ्यावर पाणी. ती म्हणाली, “आवं, बगता काय? जा की तिकडं.”

मी गेलो नाही. मी म्हणालो, आण इकडं. आयुष्यभर ब्रश धरलाय मी.

पहिल्या दिवशीचा प्रकार — हा मांडवात हमखास हशा घेतो, म्हणून जरा थांबून सांगतो. मी कपाटातला कोरा बारीक ब्रश काढला. तिची हनुवटी डाव्या हातात धरली, श्वास रोखला आणि बोर्डाला बॉर्डर मारतात तशी ओढली. डावा डोळा जाड झाला. मग उजवा त्याच्याबरोबरीचा केला, तो आणखी जाड झाला. मग डाव्याला दुरुस्ती. शेवटी शेवटी मी कानाच्या दिशेनं निघालो होतो. ती तशीच शेजारच्या हळदीकुंकवाला गेली. परत आल्यावर सांगत होती, की सगळ्या बाया तिच्याशी फार अदबीनं बोलल्या, एकीनं तर वाकून नमस्कारच केला, आणि तिला कळेना, आज काय झालंय.

पण मी शिकलो. ब्रश सोडून पेन्सिल घेतली. हळूहळू हात बसला. रोज सकाळी ओट्यावर, उजेडाकडं तोंड करून ती बसायची, हनुवटी वर करायची, डोळे वर लावायची. मी खाली वाकायचो. तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीक तीळ आहे. इतक्या वर्षांच्या संसारात मला तो कधी दिसला नव्हता. काजळ घालताना ती बोलायची — माहेरची गाय, भावाची बायको, रात्री पडलेलं स्वप्न. हलू नको म्हटलं, की ओठ न हलवता बोलायची. मला ते फार आवडायचं. आता बघा, इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. इथपर्यंतच मी सांगतो.

कारण मी ती सांगायला लागलो, आणि लोकांना ती आवडली. मुहूर्त लांबला, की मी माईक जरा तोंडाजवळ घ्यायचो आणि म्हणायचो, मंडळी, तुमच्यापैकी किती जणांनी बायकोच्या डोळ्यांत काजळ घातलंय? मग हशा. मग माझी फजिती. मग शेवटी, आवाज खाली आणून, तिच्या थरथरत्या हातांचं दोन वाक्यांत. बायका पदर डोळ्याला लावायच्या. जेवणाच्या पंगतीत म्हाताऱ्या येऊन माझ्या गालावरून बोटं मोडायच्या. पोरी नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या, शिका जरा भाऊंकडून. मला ‘काजळवाले भाऊ’ म्हणायला लागले. माझ्या नावानं नाही, काजळाच्या नावानं सुपाऱ्या येऊ लागल्या. मी अजून तुम्हाला मुद्द्याचं सांगितलेलं नाही, हे मला कळतंय. येतो.

भांगरवाडीत पल्लवी नावाच्या मुलीचं पार्लर आहे. आमच्या अश्विनीची, म्हणजे मुलीची, मैत्रीण. ती पुण्याला जाऊन डोळ्यांवर कायमचं काजळ घालायला शिकून आली. सुईनं पापणीच्या मुळाशी रंग भरायचा. धुतलं तरी जात नाही, झोपून उठलं तरी तसंच, काही वर्षं टिकतं. अश्विनीनं आईला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे पहिल्यांदा चेष्टा केली. म्हणालो, करून घे, पण सोबत गाडीचा नंबरही टाकून घे, हरवलीस तर सापडशील. सुमन हसली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचार करायला लागली.

सुमनचा विचार म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नाही. म्हैस घ्यायची होती तेव्हा ती महिनाभर रोज त्या म्हशीला बघायला जायची. इथंही तसंच. पल्लवीनं जिला केलं होतं, अशा तुंगार्लीच्या एका बाईच्या घरी ती चहाला गेली आणि तिचे डोळे उजेडात नेऊन बघून आली. दुखतं का, सुजतं का, मोतीबिंदूचं पुढं ऑपरेशन करायचं झालं तर? आपल्या वयाला शोभेल का? देवाला जाताना चालतं का? सगळं विचारून झालं. आणि एका दुपारी, तांदूळ निवडताना, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं —

“तुमी आदी गेलात तर?”

“कुठं?”

“वर, आणि कुटं. तवा काय करायचं? कुकू पुसतील, ह्ये पुसता यायचं न्हाई. लोक म्हनतील, बाई बगा, नवरा गेला आन् डोळं कसं रंगवल्यात.”

मी म्हणालो, मी मरणारच नाही, तू निवांत राहा. असं काहीतरी. मला कधी, कुठं, काय बोलावं हे फक्त माईकवर कळतं. दोन-तीन दिवस तिनं तो प्रश्न घरभर फिरवला — चुलीपाशी, विहिरीपाशी, गोठ्यात. एकटीनंच. आणि मग एका संध्याकाळी मला म्हणाली, “म्या ठरवलं. तुमी गेल्यावर माजं डोळं काय दुसरीचं व्हनार हायेत? बोलतील लोक. चार दिस बोलतील. करून घ्येते.”

विचार करा, हे बोलायला आंदर मावळातल्या वाडीवरच्या बाईला किती लांबून चालत यावं लागलं असेल. मी तेव्हा केला नाही विचार. मी विचारलं, एवढं कशाला? मी घालतोय की रोज.

तेव्हा ती जे म्हणाली, ते मला तिच्या आवाजासकट आठवतं. रागानं नाही म्हणाली. म्हणाली, “तुमी घालता, लय चांगलं घालता. पन रोज सकाळी ल्हान पोरावानी तुमच्याफुडं हनुवटी वर करून बसायचं — कटाळा आलाय वो मला. भावाकडं चार दिस ऱ्हायला जाता येत न्हाई. तुमी लग्नाला गेलात का म्या घरात कोंडलेली. माजं मला पायजे.”

माजं मला पायजे. बास, एवढंच. मी ज्याला सकाळचं सुख म्हणत होतो, ती तिची रोजची वाट बघण्याची शिक्षा होती. मी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणालो, बरं बरं, करू.

पल्लवीकडं मीच तिला घेऊन गेलो. पोरगी नीट वागणारी. म्हणाली, “काकू, लगेच नाही करायचं. आधी कानामागं एक ठिपका लावून बघते. रंगाचा, आणि बधिर करायच्या क्रीमचा. लाल झालं, सुजलं, तर आपण नाही करायचं, डोळ्यांचा मामला आहे. काही झालं नाही, तर पुढच्या आठवड्यात या.” आणि मग माझ्याकडं वळून, “काका, काकूंना मागचं दिसायचं नाही. परवा तुम्हीच बघा आणि मला कळवा.”

तुम्हीच बघा. सगळ्या जगात हे काम नेमकं माझ्याकडं आलं.

दोन दिवस मी काय विचार केला? खरं सांगू? फार काही नाही. मोठं पाप करायच्या आधी माणूस रात्र रात्र येरझाऱ्या घालतो, असं आपण समजतो. मी वळवणच्या एका लग्नाला गेलो. मुहूर्त लांबला. काजळाचा किस्सा सांगितला. एक म्हातारी रडली. जेवताना मला जिलेबीचं ताट वेगळं आलं. आणि पुढच्या वर्षी हा किस्सा नसणार, असं माझ्या मनात आलं. किस्सा नसला तर माझ्याकडं काय आहे? सरपंचांची नावं. घरी येताना ओट्यावरची सकाळही आठवली, हे खोटं नाही. पण आधी जिलेबी आठवली. क्रम लपवून काय करू?

म्हणजे बघा, मला तिचा हात थरथरायला हवा होता.

ठरल्या सकाळी ती परसात आली, केस वर धरले आणि पाठमोरी उभी राहिली. “बगा बरं.” तिचा आवाज परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा होता. मी वाकलो. कानामागं मोहरीएवढा राखाडी ठिपका. भोवतीची कातडी स्वच्छ. ना लाली, ना सूज, ना पुरळ. इतकी स्वच्छ, की मला तिथली बारीक लव दिसत होती.

मी म्हणालो, “लाल झालंय गं.”

ती म्हणाली, “पन खाजत तर न्हाई.”

“खाजलं नाही तरी सुजलंय. चांगलंच.”

“मंग फोटू काडा. अश्विनीला धाडते. म्या बी बगते.”

इथं — इथं मी थांबू शकलो असतो. उजेड कमी होता, नीट दिसलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आत्तापर्यंत ते नुसतं तोंडातलं खोटं होतं, आणि तोंडातलं खोटं मी रोज गिळतो आणि काढतो. पण मी म्हणालो, थांब, उजेडात घेतो. आणि तिला उजेडाकडं वळवताना, तिचे केस बाजूला करतोय असं दाखवत, मी अंगठ्यानं त्या ठिपक्याभोवतीची कातडी चोळली. जोरात. वाळलेला रंग खरवडतात तशी. अंगठ्याच्या नखानंही. ती म्हणाली, “आई गं, दुकतंय.” मी म्हणालो, “सूज आहे ना, म्हणून दुखतंय.”

मग फोटो काढला. फोटोत छान लाल आलं.

तिनं फोन हातात घेतला. हात थरथरत होता, म्हणून दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ बघितलं. आणि मग — याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो — तिनं कानामागं बोट नेऊन हळूच खाजवलं. म्हणाली, “व्हय वो. आता खाजतंय बी.” माझ्यावर तिचा इतका विश्वास होता, की माझं खोटं तिच्या कातडीनंसुद्धा मानून घेतलं.

पल्लवीला मी फोन केला. ती म्हणाली, “अरेरे, काकूंची किती तयारी झाली होती.” मी म्हणालो, नशीब. दुसऱ्या दिवशी सुमन ओट्यावर येऊन बसली, हनुवटी वर केली, आणि मी काजळ घातलं. त्या दिवशी ती काही बोलली नाही. माहेरची गाय नाही, स्वप्न नाही. मी समजलो, एक-दोन दिवसांत येईल बोलण्यावर.

खोटं बोलून झालं की संपतं, असं मला वाटायचं. बोर्डासारखं — रंगवला, वाळला, निघालो घरी. हे संपेना. सुमन सगळ्यांना सांगायला लागली, की माझ्या अंगाला काही सोसत नाही. पुतणीच्या लग्नात तिनं मेंदी लावून घेतली नाही. केसांना कलप लावणं सोडलं, सगळे पांढरे होऊ दिले. कुणी मलम दिलं, की परत. बायका कौतुकानं विचारायच्या, काय गं, काय झालं होतं? आणि ती कानामागचा केस बाजूला करून, जिथं काहीच नव्हतं ती जागा दाखवायची.

अश्विनीला मुलगी झाली. बारसं तळेगावला, आणि माझी त्याच दिवशी पवनेकडं सुपारी. मी नातीच्या बारशाला सकाळी तोंड दाखवून निघणार होतो, पण आदल्या दिवशीपासूनच सुमन तिकडं होती, आणि मला पोचायला जमलं नाही. तिच्या डोळ्यांत काजळ घालायला कुणी नव्हतं. अश्विनी बाळात अडकलेली, आणि हिनं कुणाला सांगितलं नाही. फोटो काढायची वेळ आली, तशी ही म्हणाली, “तुमी समदे उबे ऱ्हावा, म्या काडते.” आजी म्हणून ती एकाही फोटोत नाही. आणि फोटो सगळे हललेले. पाळणा हललेला, बाळ हललेलं, आमची पोरगी धुरासारखी. व्याही पुढं कित्येक दिवस हसत होते, की इहिणबाईंनी फोटो काढले का भूकंप झाला. मीही हसलो. हसण्याच्या बाबतीत मी कधी मागं राहिलेलो नाही.

मग तिची दाढ दुखायला लागली. लोणावळ्यातल्या दाताच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, कुठल्या औषधाचा त्रास होतो का? सुमन म्हणाली, “व्हय. बधिर करायचं औषिद मला चालत न्हाई. कानामागं लय सुजलं व्हतं.” आणि साक्षीला माझ्याकडं बोट केलं. “ह्यांनी बगितलंय.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. तरुण पोरगा होता, काळजीचा. म्हणाला, “काका, किती सूज होती? श्वासाला त्रास झाला होता का?”

तुम्ही काय केलं असतं? एक वाक्य होतं. फारतर दोन. खोली रिकामी होती, बाहेर कुणी ओळखीचं नव्हतं. मी, जो माईक मिळाला तर तासभर हटत नाही, तो मी — मी म्हणालो, “होती बऱ्यापैकी.”

डॉक्टर म्हणाले, मग मी इथं धोका घेत नाही, मोठ्या हॉस्पिटलात तपासून घ्या, मगच दाढ काढू. पुण्याचं नाव काढल्यावर सुमन घाबरली. घरी आली. दाढेत लवंग धरून बसली. जेवण पेजेवर आलं. गाल सुजला. सकाळी ओट्यावर मी तिची हनुवटी धरायचो, तेव्हा ती सुजल्या बाजूनं धरू नका म्हणून खुणावायची, आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून काजळ घालायचो. हे मी किती सकाळी केलं, ते मी मोजलेलं नाही. मोजायचं धाडस नव्हतं.

शेवटी अश्विनी येऊन आईला तळेगावला घेऊन गेली, चांगली भांडून. तिथं हातावर टोचून तपासलं. काहीही झालं नाही. दाढ काढली, दोन तासांत घरी.

संध्याकाळी सुमन तोंडात कापूस धरून माझ्यासमोर बसली. कापूस काढला आणि म्हणाली, “त्यो दाक्टर म्हनला, मला तसलं काईच न्हाई. कंदी नसंलच म्हनला.”

आणि थांबली. माझ्याकडं बघत. डोळ्यांत मीच सकाळी घातलेलं काजळ होतं, जरा उतरलेलं.

हे तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी, की पहिलं खोटं मी दोन दिवसांनी बोललो होतो. या खोट्याला तेवढाही वेळ लागला नाही. मी म्हणालो, “मग रंगाचं असेल ते.”

“आसंल,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेन्सिल घेऊन ओट्यावर बसलो. ती आली नाही. आत जाऊन बघितलं, तर चुलीपाशी भाकरी थापत होती. डोळे कोरे, भुरकट पापण्या. काजळ? मी विचारलं. “नगं आता,” ती म्हणाली. का गं? “कटाळा आला.” तिच्या तळहाताखाली भाकरी गोल फिरत होती, कडा थोड्या वाकड्या. ती तशीच बाजारात जाते, तशीच लग्नांना येते. भावाकडं जाऊन राहतेही. कुणी विचारलं, की सुमनताई, डोळे असे का, तर म्हणते, वय झालं.

मध्ये एकदा बाजारात पल्लवी भेटली. म्हणाली, “काकू, आता दुसरे रंग आलेत, पुन्हा एक ठिपका लावून बघू या का? या वेळी दोन दिवसांनी मलाच दाखवायला या.” मी दोन पिशव्या धरून उभा होतो. सुमननं तिच्या गालावरून हात फिरवला. “तवा लय हौस व्हती गं पोरी. लय म्हंजे लय. आता न्हाई वाटत.” आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला पुढं गेली.

मांडवात अजून कुणीतरी ओरडतं, भाऊ, काजळाचं होऊ द्या. ती समोर बायकांत बसलेली असली, तरी मी सांगतो. हो, अजून सांगतो. फक्त तिच्याकडं बघत नाही.

तिनं मला एकदाही विचारलेलं नाही, की त्या दिवशी कानामागं खरंच लाल झालं होतं का. तिला कळलंय का? कळलंही असेल. मी रोज वाट बघतो, की आज विचारेल — जेवताना, गोठ्यात, दिवा मालवताना. आणि मी स्वतःला नीट ओळखतो, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. तिनं विचारलं, तर मी म्हणेन, हो, झालं होतं.